मासे, मामा आणि अधिक महिना

सहलीला चार माणसं पुरतात. सहलीचा बेत करायला गाव लागतं. त्यातून सहल मासे धरण्याची असली, की ज्यांनी जन्मात गळ हातात घेतला नाही आणि मासा ताटात घेतला नाही, त्यांचंही मत विचारात घ्यावं लागतं. आमच्या मेहकरात तर घ्यावंच लागतं, कारण ते न मागता मिळतं.

यंदाचा बेत माझ्या भाच्याचा. तो अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात नोकरीला आहे. उन्हाळा आला की तो दोस्तांबरोबर डेडवुड नावाच्या जलाशयावर कोकॅनी धरायला जातो. १९३१ साली बांधलेलं हे धरण डोंगरात, जंगलात, वस्तीपासून दूर. हिवाळाभर बर्फाने वाट बंद. बर्फ वितळलं की कच्च्या रस्त्याने धूळ खात पोचायचं. कोकॅनी हा सॉकाय सॅमनचा घरकोंबडा भाऊ. सॅमन समुद्रात जाऊन येतो, हा मात्र जन्मभर तळ्यातच राहतो. शेवटी लालभडक होतो, अंडी घालण्याचा संसार उरकतो आणि मरतो. त्याला दहा ते तेरा अंश थंडावा मानवतो, म्हणून उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खोल उतरतो. हे लोक नावेतल्या यंत्राच्या पडद्यावर तो किती खोल आहे ते बघतात आणि शिशाचं वजन लावून दोरी नेमकी तेवढीच खाली सोडतात.

हे सगळं भाच्याने मला फोनवर सांगितलं आणि मी संध्याकाळी कट्ट्यावर सांगितलं. कट्ट्यावर सांगितल्याशिवाय आमच्याकडे कुठलीच माहिती पक्की होत नाही. त्यात एक गोष्ट सगळ्यांच्या मनात भरली. कोकॅनी पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. गळाला लावलेल्या गोष्टीशी त्याच्या भुकेचा संबंध नसतो. समोरून चमचम करत काही तरी सारखं फिरत राहिलं की तो चिडतो, आणि चिडून त्यावर तोंड टाकतो. वर गळाला लसणाच्या वासात मुरवलेला मक्याचा दाणा लावतात, तो वेगळाच.

"भूक नाही, गरज नाही, नुसतं डिवचलं म्हणून तोंड घालतो?" वकीलसाहेब म्हणाले, "मग त्याच्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? आमच्या बाररूममध्ये या."

तर हा भाचा मे महिन्यात येणार आणि त्याला मामाबरोबर इथल्या धरणावर मासे धरायचे आहेत. त्याने तिथे बसून नकाशा पाहिला आणि सातपुड्याच्या कुशीतलं वान धरण निवडलं. डोंगर आहे, पाणी खोल आहे, वस्ती दूर आहे. नकाशात बाकीच्या गोष्टी दिसत नाहीत, त्या मला दिसल्या. मेहकरहून वानला जायचं तर वाट खामगाव, शेगाववरून. शेगाववरून जायचं आणि गजानन महाराजांचं दर्शन न घेता पुढे सरकायचं, हे आमच्या जिल्ह्यात कोणाच्याने होत नाही. दर्शन झालं, पिठलं-भाकरीचा प्रसाद झाला, की त्या दिवशी गळ हातात घेणार कोण? तरी मन घट्ट करून पुढे गेलो, तर धरणाजवळच्या वारी गावाला खुद्द मारुतीराया. धरणाचं नावच हनुमान सागर. पाठीला वान अभयारण्य, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला वनखातं आणि तिसऱ्या बाजूला वाघ. मासा एवढ्या बंदोबस्तात आमदारासारखा सुखात असणार.

तेवढ्यात ताईला आठवलं, की वारीला नदीत मामा-भाचा नावाचाच डोह आहे. मग तर विषयच संपला. मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये, हे आपल्याकडे पोहायला शिकवण्याच्या आधी शिकवतात. का बसू नये, याचं उत्तर कोणी देत नाही. बसलेले मामा-भाचे सांगायला परत आले नाहीत, असा त्याचा भाव असतो. भाचा म्हणाला, "मामा, नावेत जॅकेट घालायचं असतं, काही होत नाही." ताई म्हणाली, "जॅकेट मामाला घाल आणि तू काठावर बस."

वान गेलं. मग तारीख तरी ठरवावी म्हणून कालनिर्णय काढलं. भाच्याकडे आयडाहोच्या मासेमारीच्या नियमांचं पुस्तक असतं. परवाना लागतो, दिवसाला किती मासे घ्यायचे ते ठरलेलं असतं. मला वाटायचं आपल्याकडे असं काही नाही. आहे, आणि ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असतं. यंदा, २०२६ साली, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. पुरुषोत्तम मास. आणि आमचं मेहकर म्हणजे शारंगधर बालाजीचं गाव. १८८८ साली जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची उंच विष्णुमूर्ती इथे उभी असताना, विष्णूच्याच महिन्यात घरात मासा शिजणं कसं शक्य आहे? मी एवढंच म्हणून पाहिलं, की ज्या देवाने पहिला अवतार माशाचा घेतला, त्याच्या महिन्यात माशाची आठवण काढली तर काय बिघडलं? ताई म्हणाली, "आठवण काढ. गळ काढू नकोस."

शिवाय अधिकात जावयाचा मान असतो. भाच्याची सासुरवाडी चिखलीची. तिथे धोंड्याच्या जेवणाचं निमंत्रण आधीच होऊन बसलंय. पुरणाचे धोंडे, तेहेतीस अनारसे आणि वर वाण. एवढं पोटात गेल्यावर तो माणूस धरणात उतरला काय आणि धरण त्याच्यात उतरलं काय, सारखंच.

अधिक संपला की पावसाळा. मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात, अंडी घालतात; तेव्हा त्यांना धरणं बरं नाही. आणि तोवर भाच्याची सुट्टी संपलेली. म्हणजे जे काही करायचं ते अधिकाच्या आधी. भाचा येणार मंगळवारी, समृद्धी महामार्गाने दिवे लागायच्या सुमाराला मेहकरात. बुधवारी एकादशी. गुरुवार महाराजांचा. शनिवार मारुतीचा, त्यात अमावस्या. रविवारी अधिक सुरू. मधे उरला शुक्रवार, १५ मे. ताईने बोट ठेवून पाहिलं, तिथे मासिक शिवरात्र निघाली. पण ती महिन्याला येतच असते आणि घरात ती कोणी धरत नाही, असं मी हळूच निदर्शनास आणलं. ताईने बोट उचललं.

दिवस मिळाला, आता पाणी. वकीलसाहेबांना कोराडीचं धरण पसंत, कारण त्यांचं शेत त्या अंगाला. औषधवाल्या शेठना पेनटाकळी, कारण पैनगंगेवर धरण म्हणजे कसं घरच्यासारखं वाटतं. सरांनी लोणार सुचवलं. तिथल्या खाऱ्या पाण्याला गळाची आशा लावू नये, हे सगळ्यांनी एकसुरात सांगितल्यावर ते म्हणाले, "तेच तर. कोणाला पाप नको." सर माळकरी आहेत आणि मासेमारीच्या सहलीला येणाऱ्यांत त्यांचं नाव सगळ्यांत आधी पक्कं झालेलं आहे.

शेवटी भोईपुऱ्यातल्या म्हातारबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पडद्यावर मासा दिसतो, याचं त्यांना काही वाटलं नाही. "आमाले बी दिसते," एवढंच म्हणाले. मग सांगितलं, "उन्हाळ्यात पानी आटते, मासा जुन्या पात्राच्या डोहात गोळा होते. तांबडं फुटायच्या आंधी खाते, नाईतर दिवस कलल्यावर. दुपारी तो बी सावली धरते, तुमी बी धरा. अन् पाण्याचा ठेका संस्थेकडे हाये, त्यायले इचारल्याबिगर दोरी टाकू नका." त्यांनी पेटीतून गळ काढला. नायलॉनची दोरी गळाच्या डोळ्यातून ओवली, स्वतःभोवती पाच-सहा वेढे दिले, टोक मागे घातलं आणि गाठ ओढण्याआधी ती ओठांत धरून ओली केली. कोरडी ओढली तर दोरी जळते, म्हणाले. मी फोनवर भाच्याला हे दाखवत होतो. तो तिकडून ओरडला, "अरे, हीच! आम्ही हीच गाठ मारतो. आणि अशीच ओली करतो!" म्हातारबांनी फोनकडे पाहिलं आणि पोरगं बरं शिकलंय असा चेहरा केला.

तिकडे बेत माशाला विचारून करतात: तू किती खोल आहेस, तुला किती गार लागतं, तुला चीड कशाची येते? आमचा बेत माशाला सोडून सगळ्यांना विचारून होतो, आणि मला तो कमी प्रतीचा वाटत नाही. ताई, मारुती, वनखातं, संस्था, चिखलीचे व्याही आणि पंचांग एवढ्यांच्या हातून सुटून जो दिवस शिल्लक राहतो, तो कोणाचाही रोष न घेता मिळालेला असतो. माशांनाही बाकीचे दिवस सुट्टी मिळते, ते वेगळंच.

तर ठरलं ते असं. शुक्रवारी पेनटाकळी. संस्थेच्या माणसाला विचारून झालंय. नाव नाही, काठावरूनच गळ. मामा एका दगडावर, भाचा दुसऱ्यावर. पहाटे तीनला उठायचं, आणि त्याची चिंता कोणालाच नाही. बॉइसीच्या घड्याळात तेव्हा दुपारचे साडेतीन असतात, तो टक्क जागाच असणार. उरलेल्या गावाला तो उठवेल. ऊन चढायच्या आत सर शेणाच्या गोवऱ्यांवर रोडगे लावतील, शेठ वांगी आणतील, वरणाचं पातेलं वकीलसाहेबांचं. मासा मिळालाच तर त्याच्यासाठी वेगळी कढई, वेगळी चूल आणि वेगळा वारा. धूर सरांकडे जाता कामा नये. कढई कोणाच्या घरची न्यायची, यावर मात्र अजून एकमत नाही. रोडगे कमी पडू नयेत म्हणून कणिक दुपटीने घ्यायची, यावर आहे.