निमकी सर

"अर्धीच घेतो रे!"

हे वाक्य तुमच्याही जिन्यात कोणीतरी म्हणत असणार. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहतं. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेलं आहे. पोरांकडून पावकी-निमकी घोकून घेतली म्हणून शाळेत नाव पडलं निमकी सर, आणि निवृत्तीनंतर सरांनी ते औषधांच्या बळावर टिकवलं.

सर्दीची गोळी ते अडकित्त्याने कापतात. गोळीवर मधोमध रेघ असते, बोटांनी मोडते, हे मी सांगून पाहिलं. "भाग समान व्हायला हवेत," सर म्हणाले. अडकित्ता कचकन मिटतो, एक भाग हातात राहतो, दुसरा कपाटाखाली जातो. तो शोधायला सर ओणवे होतात, धुळीने शिंका येतात. शिंका आल्या म्हणजे सर्दी आलीच, आणि सर्दी आली म्हणजे अर्धी गोळी.

संध्याकाळी अर्धी. जेवणानंतर अर्धी. अकराला नुसती झोपेसाठी अर्धी, आणि दीडला मघाची लागू पडली नाही म्हणून अर्धी. चार निमे दोन, हे सगळ्या वर्गाला पाठ होतं, मास्तरच विसरले.

कोपऱ्यावरच्या केमिस्टने एकदा समजावलं होतं. क्लोरफेनिरामाइनसारखं जुनं औषध मेंदूपर्यंत पोचतं, म्हणून पेंग येते. ती त्याची मूळ कामगिरी नव्हे. थोड्या दिवसांत मेंदू सरावतो आणि पेंग ओसरते, तोंडाची कोरड मात्र इमानाने येत राहते. सरांनी ऐकून घेतलं आणि कोरडीवर उपाय विचारला.

मार्च 2016 मध्ये सरकारने 344 मिश्र औषधांवर एका फटक्यात बंदी घातली आणि त्यात सर्दीची गोळीही आली, तेव्हा सरांचा चेहरा नोटाबंदीच्या आधीच नोटाबंदी झाल्यासारखा झाला. तीन दुकानं पालथी घालून त्यांनी पट्ट्या आणल्या आणि चकलीच्या डब्यात दडवल्या. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. सरांनी इमारतीत पेढे वाटले. अर्धे.

नाकात घालायच्या थेंबांची बाटली खिशात असतेच. हे थेंब नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसून वाट मोकळी करतात. चार-पाच दिवसांहून जास्त चालवले की असर उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त फुगतं, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे धावतो. सर अशी आठ वर्षं धावले. शेवटी लेकीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी एकाच नाकपुडीत थेंब बंद करा, ती सुटली की मग दुसरीत. सर हरखून परतले. "ह्याला म्हणतात शास्त्र!" मग महिनाभर त्यांचं उजवं नाक सुधारलेलं आणि डावं व्यसनी होतं. पुढे डावंही सुटलं. गोळ्याही त्याच हिशेबाने उतरवायच्या ठरल्या: अर्धीची पाव. अडकित्त्याला आता खरी परीक्षा होती.

आता हे सांगायचं नव्हतं, पण मी दुसऱ्या पाळीचा माणूस. शेवटच्या कर्जत लोकलने उतरून घराकडे वळलो की अख्ख्या गल्लीत एकच खिडकी उजळलेली असते, सरांची. खाली पावलं वाजली की वरून आवाज येतो, "आलास? गाडी लेट होती का?" मी कातावून "हो" म्हणतो. आई गेल्यापासून हा प्रश्न मला दुसरं कोणी विचारत नाही.

गेल्या गुरुवारी खिडकीत अंधार होता. मी मुद्दाम चपला घासत चाललो, खोकलो, फाटक आपटलं. वर काहीच नाही. सत्तरी उलटलेला, एकटा राहणारा माणूस, त्यात ते चकलीच्या डब्यातलं कोठार. पायातलं बळच गेलं. पहिला मजला गाठून बेलवर बोट दाबून धरलं ते दार उघडेपर्यंत सोडलं नाही.

सर उभे होते. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी, डोळ्यांत मला गिळण्याचा बेत.

"गाढवा! गोळीशिवाय झोप लागली होती रे, आठ वर्षांत पहिल्यांदा!"

"सर, मला वाटलं... किती झाली झोप?"

घड्याळाकडे बघून त्यांनी मनाशी हिशेब केला.

"अर्धीच," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.