वीटभट्टीवाले साहेब

तारापूर एमआयडीसीत प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या बऱ्यापैकी कारखान्यात हा इसम हमखास सापडतो. मुक्काम वरच्या मजल्यावर, एसीखाली, दोन मॉनिटरांच्या मध्ये. रिअ‍ॅक्टरचं कवच दाब सोसेल की नाही, हे पत्रा कापण्याआधीच सांगायचं, हे त्याचं काम. त्यासाठी संगणकावर कवचाचे हजारो तुकडे पाडतात, त्याला म्हणायचं मेश. तुकडे टोकदार टेट्रा असावेत की विटेसारखे हेक्सा, या एका प्रश्नावर साहेबांनी आयुष्य ओवाळून टाकलंय. ते कट्टर विटांचे. वाडा तालुक्यातल्या वीटभट्ट्यांना स्मरून पोरांनी त्यांचं नाव ठेवलंय वीटभट्टीवाले.

"टेट्रा काय, बटण दाबून कुणीही पाडेल. विटा पाडायला अक्कल लागते!"

आता, त्यांचा एक मुद्दा खरा आहे. चार नोडचा, म्हणजे फक्त चार कोपऱ्यांवर जोडबिंदू असलेला टेट्रा महाहट्टी. त्याच्या पोटात स्ट्रेन, म्हणजे ताणाखालची विकृती, सगळीकडे एकच, त्यामुळे तो धड वाकतच नाही. पातळ पत्र्याच्या जाडीत त्याचा एकच थर बसवला की टाकी स्क्रीनवर पैलवान दिसते आणि मालक खूश होतो. पण कडांच्या मध्येही नोड असलेला दहा नोडचा टेट्रा चांगलं काम देतो, आणि पातळ पत्र्याला तर टेट्रा आणि वीट दोन्ही नकोत, सरळ शेल, म्हणजे जाडी नुसती आकड्यात दिलेला सपाट तुकडा लावावा. आठ नोडची साधी वीटही वाकताना ताठतेच. हे साहेबांना कुणी सांगायचं?

खाली प्रॉडक्शनवाला डिस्पॅचच्या नावाने ओरडत असतो आणि वर साहेब नोझलच्या सांध्यात विटा बसवत असतात. त्या काटकोनी कोपऱ्यात मेश बारीक केली की ताण वाढतो, आणखी बारीक केली की आणखी वाढतो. मॉडेलमध्ये तिथे गोलाई दिल्याशिवाय तो थांबणारच नाही, हे साहेबांइतकं कुणालाच ठाऊक नाही. पण विटा इतक्या सुरेख बसताहेत म्हटल्यावर माऊसवरचा हात निघत नाही.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली जिच्यासाठी पद्मश्री मिळाली, ती वारली चित्रकलाही साहेबांच्या तावडीतून सुटलेली नाही. ऑफिसच्या भिंतीवरचा तारपा नाच निरखून म्हणाले, "दोन त्रिकोण, आणि कमरेत जोड एकाच नोडवर? पहिल्या गिरकीलाच तुटणार हा!" लग्नाचा चौक मात्र पास. "चार कोपरे. बघा, शिस्त!"

दिवाळीत बाईसाहेब शंकरपाळ्या करायला बसल्या की हे कातण्यामागे उभे. "अगं, कोन फार तिरका जातोय. आणि कडेला हे सगळे त्रिकोणच उरलेत!"

"अहो, तळल्यावर कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसात डबा उघडला. निवडून निवडून, नुसते त्रिकोण.