शेपटीवरची पट्टी

विस्कॉन्सिनमधल्या ओशकोशला दर जुलैत हौशी विमानवाल्यांची जत्रा भरते. तिथे एकदा जाऊन आलेल्या माझ्या थोरल्या भावाने ओहायोतल्या आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधलं. आईला त्याचं काही वाटलं नाही. अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधल्यापासून तिला ही मराठी माणसाची रीतच वाटते.

वहिनी मात्र त्यात बसत नाही. "ह्यांच्या हातचे पोहे खाल्लेत मी," एवढंच कारण ती देते. म्हणून प्रवासी मी.

"तुझं वजन किती?" दादाने विचारलं. मी सांगितलं. "खरं सांग गं, मागची सीट आहे!" दोन सीटा एकामागे एक, मागे माणूस बसला की भार शेपटीकडे सरकतो, विमान हाकायची काठी हलकी होते आणि ती जरा ओढताच विमान नाक उडवतं. मग मी खरं सांगितलं.

शेपटीच्या आडव्या पंखाला मागे बिजागरीवर हलतो तो एलिव्हेटर. तो वर उचलला की शेपूट दबते, नाक वर येतं. त्याच्याच कडेला ट्रिम टॅब नावाची छोटी पट्टी असते. ती खाली वळवली की हवा एलिव्हेटरला वर ढकलते. साहेबाकडून काम हवं तर खालच्या कारकुनाला गाठावं, तसाच हा कारभार.

"ट्रिमने विमान चालवायचं नाही," दादा शिकवत होता. "काठीने नाक जागेवर धरायचं, वेग ठरू द्यायचा, मग हाताला लागणारा जोर तेवढा ट्रिमने काढायचा." पट्टी विजेच्या मोटरवर, बटण काठीच्या टोकाला. पण वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. उतरताना आळशी वाटणारं तेच बटण भर वेगात नुसतं शिवलं तरी नाक खाली. उलटं दाबलं, नाक वर. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आम्ही कुणाला तरी हो-हो म्हणतोय.

दादाने मग भर वेगात मोटर हळू फिरवणारा कंट्रोलर बसवला आणि मला पुन्हा वर नेलं. या खेपेला विमान रेषेत. दादाने दोन्ही हात वर केले. "बघ!"

"दिसलं. आता धर."

ईरी सरोवराचा फोटो घ्यायला मी पुढे वाकले. नाक हळूच खाली झुकलं.

"कोण हललं?" दादा ओरडला. विमानात आम्ही दोघंच होतो.