टँकर मागवणाऱ्यांचा आशावाद

रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विश्वास सर्वेक्षणास,


दर दोन महिन्यांनी आपण १९ शहरांतल्या सुमारे ६,००० घरांची नाडी पाहता. आर्थिक परिस्थिती, रोजगार, भाव, उत्पन्न आणि खर्च, वर्षभरात काय झालं आणि पुढच्या वर्षी काय होईल, एवढंच विचारता. त्यातून निर्देशांकाचा आकडा निघतो. शंभराच्या वर आशा, खाली निराशा. त्या १९ शहरांच्या यादीत आमचं वसई-विरार नाही. २०११च्या जनगणनेत इथे १२ लाखांहून अधिक माणसं होती. यादीतल्या रांची, रायपूर, भुवनेश्वर, जम्मू यांपैकी कुठेही तेव्हा एवढी नव्हती. मुंबईत तुम्हीही आलातच, असं म्हणाल. पण त्याच जनगणनेने आम्हाला बृहन्मुंबईच्या नागरी समूहात न धरता वेगळं मोजलं आहे. असो. विरार लोकलमध्ये ज्यांना पाय ठेवायला जागा नाही, त्यांनी आपल्या यादीत जागा मागणं हावरटपणाच.

खरी कमाल आपल्या बेरजेत आहे. प्रत्येक प्रश्नावर बरं म्हणणाऱ्यांतून वाईट म्हणणारे वजा करायचे, पाचही उत्तरांची सरासरी काढायची आणि ती शंभरात मिळवायची. भाव वाढले की उणे, हे रास्त. पण खर्च वाढला की अधिक! म्हणजे शंभरच्या शंभर घरं म्हणाली, भाव वाढले आणि म्हणून खर्चही वाढला, तर उणे शंभर आणि अधिक शंभर मिळून शून्य. महागाईने ओरबाडलेलं घर आपल्या कागदावर जखमेशिवाय उभं! नळाला पाणी कमी, म्हणून सोसायटी टँकर मागवते, मेंटेनन्स वाढतो, घरमालक भाडं वाढवतो, शाळा फी वाढवते. आणि हे सगळं निमूट भरणारी नालासोपाऱ्याची गृहिणी आपल्या हिशेबी उत्साही ग्राहक ठरते. याला उत्साह म्हणता? ही लूट आहे, आणि तिची पावती आपण आनंदाच्या खात्यात फाडता.

जीवनावश्यक आणि इतर खर्च आम्ही वेगळे विचारतो, हे आपलं उत्तर मला ठाऊक आहे. विचारता, तक्त्यातही छापता; पण निर्देशांकात शिरतो तो एकूण खर्च, आणि बातमी निर्देशांकाची होते. खर्च हाच विश्वास मानायचा, तर तो मर्जीचा हवा. मिशिगन विद्यापीठाच्या जुन्या सर्वेक्षणात घरातल्या मोठ्या वस्तू घ्यायला ही वेळ बरी आहे का, असं विचारतात. त्या प्रश्नात निदान नाही म्हणायची सोय आहे. टँकरला नाही कसं म्हणणार?

तरी आपल्यावरचा राग फार वेळ टिकत नाही. मे २०२१ मध्ये चालू स्थितीचा निर्देशांक ४८.५ पर्यंत, तोवरच्या तळाला गेला, तेव्हा आपण तो लपवला नाहीत. दारोदार फिरून लोकांचं गाऱ्हाणं ऐकणारं, आणि तेही पतधोरणाच्या दिवशी छापणारं दुसरं आहे तरी कोण? म्हणूनच एवढी एक विनंती. ‘खर्च वाढला का?’ या प्रश्नापुढे दोन शब्द जोडा: ‘तुमच्या मर्जीने?’

कळावे,
आपला न मोजलेला,
एक वसईकर