बफरभाऊ

केडगावात फोनवर कुणी सहज "आवाज तुटतोय" म्हणालं, तरी गल्लीच्या तोंडाशी एक माणूस दचकून थांबतो. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. गावात तो बफरभाऊ.

दिवसा पुणे रोडला मोबाइल दुरुस्ती आणि रात्री माडीवर स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे भिंतींना जुन्या गाद्या, दाराला गोधडी, टेबलावर लॅपटॉप आणि त्याला जोडलेली ऑडिओ इंटरफेसची डबी. आत जाताना चपला आणि मोबाइल दोन्ही बाहेर काढायचे. चपलांचं तो एकवेळ चालवून घेतो.

गाणारा सुरात आहे का, हा प्रश्न त्याच्या खात्यात येत नाही. एकदा भजनी मंडळाचे बुवा पाऊण तास तळमळून गायले. संपलं तेव्हा भाऊच्या डोळ्यांत पाणी. बुवा गहिवरून पुढे झाले, तर हा म्हणतो, "बुवा, पंचेचाळीस मिनिटांत एक टिक नाही हो!"

टिक म्हणजे काय, हे त्यानं मला नेप्तीच्या कांदा मार्केटबाहेर चहा पिताना समजावलं होतं. "समज, आवाज म्हणजे कांदा. सेकंदाला ४४,१०० कांदे येतात. कॉम्प्युटर एकेक उचलत नाही, गोणी भरतो. गोणीत १२८ कांदे, म्हणजे ती भरायला तीन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. हमाल तेवढ्यात परत आला नाही, की कांदे खाली. ती टिक. ही गोणी म्हणजे बफर."

"मग मोठी गोणी घे की."

"१०२४ची घेतली तर हमाल निवांत. पण ती भरायलाच तेवीस मिलिसेकंद जातात. गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज उशिरा पोचतो. आठ मीटरवर उभं राहून कुणी आपली नक्कल करतंय असं वाटतं. भलेभले ताल सोडतात."

शिवाय हमाल एकटा, आणि त्याला वाय-फाय हाक मारतं, अँटिव्हायरस हाक मारतो, बॅटरी वाचवणारी सेटिंग तर त्याला डुलकीच काढायला लावते. भाऊचं हे ज्ञान पोकळ नाही. एका गोंधळ्याच्या संबळात दर दहा-बारा सेकंदांनी टिक यायची. भाऊनं वाय-फाय बंद केलं आणि टिक गेली, हे मी या कानांनी ऐकलंय. फक्त टिक गेल्यावर तो जरा उदास होतो, पाहुणे गेल्यावर होतात तसा.

गेल्या नवरात्राआधी त्यानं आपल्या आज्जीचं रेणुकामातेचं गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. केडगावच्या देवीला आज्जी लग्न होऊन आल्यापासून जाते आणि तेव्हापासून ते गाणं म्हणते. हेडफोन तिनं लावूच दिला नाही. "डोक्यावर पदर हाय, त्याच्यावर आन् हे कानटोपडं कशाला?"

आज्जी झकास गायली. पण तिसऱ्या कडव्यात आवाज गेला. चांगला पाऊण सेकंद. पंख्याची घरघर कापायला 'गेट' लावलेलं, त्यामुळे स्क्रीनवर तेवढी जागा पाटासारखी सपाट. भाऊचा चेहरा उजळला.

"आज्जी, परत."

गोणी २५६ची केली, ५१२ची केली, शेवटी १०२४ची. आवाज तिथंच गेला. वाय-फाय बंद, ब्लूटूथ बंद, ड्रायव्हर नव्यानं टाकला, वायर बदलली, मधला हब काढून डबी थेट लॅपटॉपला जोडली. तरी तिथंच. मग लेटन्सीमॉन लावलं. कुठला ड्रायव्हर हमालाला अडवून ठेवतोय, हे ते दाखवतं. त्यात सगळं हिरवंगार. हिरवं बघून घाम फुटलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या रात्री संशय दौंड-मनमाड मार्गावरच्या मालगाडीवर गेला, तिसऱ्या रात्री घरातल्या फ्रिजवर. भाऊनं फ्रिजचं बटण बंद केलं. सकाळी वहिनी जिना चढून आल्या. "टिक सापडली का? दूध नासलं, म्हणून विचारते."

मी भीत भीत म्हणालो, "भाऊ, आज्जी कधी सावकाश गाते, कधी भरभर. तरी आवाज दर वेळी त्याच शब्दावर जातो. टिक काय शब्द बघून येते?"

"शब्द?" भाऊ म्हणाला. "कुठला शब्द?"

सतरा वेळा ऐकलेलं गाणं त्यानं अठराव्यांदा ऐकलं, आणि त्यात शब्द आहेत हे त्याला तेव्हा कळलं. रेणुकेच्या लेकाची थोरवी चालली होती. लेकाचं नाव यायच्या जागी मात्र सपाट पाट.

"आज्जी, इथं तू गप का होतेस?"

आज्जीनं पदर पुढे ओढला. "तिथं तुझ्या आज्याचं नाव येतंय."

भाऊच्या आजोबांचं नाव परशुराम. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, पण आज्जीच्या गाण्यातली ती जागा अजून त्यांच्यासाठी मोकळी होती. आम्ही तीन रात्री तिच्यावर ड्रायव्हर टाकत होतो.

"आज्जी, देवाचं नाव म्हणून तरी घे."

"मी न्हाई बया. तूच म्हण की, तुझा तर आज्जा हाय."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊ माइकसमोर उभा राहिला. एकच शब्द भरायचा होता. त्यानं हेडफोन चढवला, आज्जीचा आवाज लावला, जागा आली, भाऊनं तोंड उघडलं आणि दचकून अर्ध्यातच थांबला. परत लावलं. "परशु" आला, "राम" मागे राहिला. तिसऱ्यांदा अख्खं नाव आलं, पण तोवर आज्जी पुढच्या ओळीला लागलेली.

बफर रात्रीपासून १०२४वरच होता.

आज्जी खुर्चीतून सगळं बघत होती. वहिनींकडे वळून हळूच म्हणाली, "ह्याला कुणी मनाई केली होती गं नाव घ्यायला?"