उद्योग विहारात कामाला लागण्याची सोपी पद्धत

आधी गाव सोडा. बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, कुठलंही चालेल. मग कापसहेड्यात खोली घ्या. हे दिल्लीचं शेवटचं टोक. पलीकडे हरियाणा, गुडगावचा उद्योग विहार आणि परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने. राहायचं दिल्लीत, पगार हरियाणाच्या किमान वेतनाने. ते दिल्लीपेक्षा कमी, म्हणजे सकाळी चालत हद्द ओलांडली की तुमचा भाव उतरतो. व्यायाम मात्र फुकट.

खोली म्हणजे रांगेतली एक, टोकाला सामायिक संडास. किराणा बहुधा तळमजल्यावरच्या घरमालकाच्याच दुकानातून भरावा लागेल. बाहेरून तांदळाची पिशवी आणलीत तर खोली खाली करायची तयारी ठेवा. खोलीच्या निमित्ताने कामगाराला बांधून ठेवायची ही युक्ती काही इथल्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत 1820 च्या दशकात लोवेलला कापडगिरण्या निघाल्या, तेव्हा शेतावरून आलेल्या मुलींना कंपनीच्या बोर्डिंगात ठेवत; रात्री दहाला दार बंद. 1836 मध्ये राहण्याजेवणाचे पैसे वाढवले, तशा मुली संपावर गेल्या. तुमचा अजून पहिला धडा चालू आहे, इतक्यात संपाचं नाव काढू नका.

पुढचा धडा घड्याळाचा. गावी ऊन चढलं की वावरातून परत यायचात, ती सवय मोडा. लोवेलला घंटा होती, इथे अंगठा आहे. यंत्रावर टेकवला की ड्यूटी सुरू. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे 48 तास ठरवले आणि वरच्या कामाला दुप्पट दर. तुम्हाला भरती करणारा ठेकेदार मात्र ‘सिंगल’ देईल. ‘डबल’ हा शब्द गेटच्या आत उच्चारू नये.

अख्खा शर्ट शिवता येतो, हेही सांगत बसू नका. ‘फुल पीस’वाले कारागीर वेगळे, तुम्ही ‘चेन सिस्टीम’मध्ये. तुमच्या वाट्याला कॉलर आली की दिवसभर कॉलर: टोक उलटवा, टीप मारा, पुढे सरकवा. बाही तिसऱ्याची, काज पाचव्याचं. हात असा बसेल की सुपरवायझर खूश होईल. फक्त गावी धाकट्या भावाचा शर्ट बेतायला घेतलात की बाहीपाशी अडाल.

छठच्या सणाला गावी जायचंय? रजा मागू नका, सरळ नोकरी सोडा. परत आल्यावर त्याच गेटवर नवा माणूस म्हणून भरती व्हा. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सलग पाच वर्षं नोकरीची अट घातली होती, आणि ठेकेदाराचा सणांना अजिबात विरोध नसतो.