अनुमोदक अण्णा

प्रत्येक गावाला एक सरपंच असतो, एक उपसरपंच असतो आणि एक अण्णा असतात. पहिले दोघे पाच वर्षांनी बदलतात. अण्णांची मुदत कधी संपत नाही, कारण त्यांना कुणी निवडून दिलेलंच नसतं. तुमच्याकडे त्यांना आबा म्हणत असतील, नाहीतर नाना. ओळखायची खूण एकच : बगलेत प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात पानं सुटलेला 1958चा ग्रामपंचायत अधिनियम.

आमच्या अण्णांनी तो पोथीसारखा वाचलाय. पण त्यातून त्यांच्या अंगात भिनल्या त्या दोनच गोष्टी, सूचक आणि अनुमोदक. ठराव म्हटला की मांडणारा एक आणि त्याला दुजोरा देणारा एक, हे बरोबरच आहे. फक्त ठराव कशाला म्हणायचं, याला अण्णांच्या लेखी हद्द नाही.

पुतणीच्या सुपारीची गोष्ट घ्या. देण्याघेण्याचं मिटलं होतं, पोहे फिरले होते, भटजींनी मुहूर्त सांगितला होता. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मुहूर्ताला सूचक भटजी झाले. अनुमोदक कोण?" मुलाचे मामा दचकून म्हणाले, "मी!" आता त्या संसारात भांड्याला भांडं लागलं, की दोन्हीकडची माणसं मामांना जाब विचारतात.

घरी काकू म्हणाल्या, "आज पिठलं टाकते." अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. काकूंनी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "सूचक मी, अनुमोदक मी, आन् ज्याचा विरोध आसंल त्यानं उपाशी निजावं." ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूट मिळते ती फक्त मयताला. शोकप्रस्ताव उभं राहून मूकपणे संमत करायचा असतो, त्यामुळे दहाव्याच्या दिवशी अण्णा गप्प असतात. काही लोक तेवढ्यासाठी दहाव्याला आवर्जून येतात.

अण्णांचा खरा सण म्हणजे ग्रामसभा. वर्षाला किमान चार. त्यातली 15 ऑगस्टची मोठी, कारण झेंड्यानंतर जिलेबी असते. पोरं जिलेबी घेऊन पांगली की अण्णा डोकी मोजायला लागतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. भिंतीशी मोटारसायकलवर रेलून तंबाखू मळणारे हजर धरायचे की गैरहजर, यावर एकदा अर्धा तास गेला. तेवढ्यात तेही निघून गेले आणि प्रश्न आपोआप सुटला. कोरम नाही, सभा तहकूब! मग तहकूब सभा भरते आणि तिला कोरमची गरज नसते. म्हणजे शंभर माणसं जमली नाहीत म्हणून जी सभा होऊ शकत नाही, ती पुढं बारा माणसांत रीतसर होते. हे कलम सरपंचांचं फार लाडकं आहे. त्या बारांत अकरा त्यांची माणसं असतात आणि बारावे अण्णा.

ग्रामसेवक या पदाचं नाव सरकारनं बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. अण्णा मात्र पूर्ण पदनाम घेऊन हाक मारतात. हाक पुरी होईपर्यंत भाऊसाहेबांना मागच्या दारानं निसटायला वेळ मिळतो.

पाण्याच्या टाकीवर रंगानं 'टाकी धुतल्याचा दिनांक' लिहिलेला असतो. आमच्याकडे तो नेहमी ताजा असे. अण्णांना त्या ताजेपणाचाच संशय आला. गुडघे धरलेला हा माणूस शिडीवरून वर गेला, झाकण उघडलं आणि पिशवीभर शेवाळ घेऊन खाली उतरला. अधिनियम तेवढ्यापुरता धोतराच्या ओच्यात होता. पिशवी सरपंचांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हे प्रोसिडिंगला जोडा." टाकी धुतली का, म्हणाल तर धुतली. ती धुतली जात असताना शिडीखाली उभे राहून अण्णा टीसीएल पावडरीचा हिशेब मागत होते.

गावाच्या बातम्या पूर्वी दवंडीनं आणि चावडीवरच्या फळ्यावर कळायच्या. फळा सगळ्यांना वाचून दाखवायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलेलं होतं. मोटार जळाली, डीपी उडाली, गल्लीतले दिवे दिवसाच चालू आहेत, घरपट्टी भरा, जनावरांना लस टोचून घ्या, अंगणवाडीत बाळांची वजनं आहेत. आता हे सगळं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. सरपंचांनी 'गटार दुरुस्ती लवकरच' असं टाकलं, की खाली पन्नास अंगठे उठतात. अण्णांनी विचारलं, "यातला अनुमोदक कोणता?" उत्तर म्हणून आणखी एक अंगठा आला. अण्णा पारावर म्हणाले, "पूर्वी ज्याला सही येत नव्हती तो अंगठा द्यायचा. आता शिकलेलेसुद्धा अंगठाच देत्यात."

असा माणूस गावाला नको असतो, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगून टाकतो. पण आमच्या गल्लीत एका बाईचा नवरा वारला. दीर म्हणू लागला, घर माझं. घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी तिचंही नाव निघालं. नवरा जिवंत असताना अण्णांनी दोन महिने त्याच्यामागं लागून ते चढवून घेतलं होतं. तेव्हा नवरा म्हणायचा, "म्हाताऱ्याला दुसरा उद्योग न्हाई." खरंच नव्हता.

माळावरच्या वस्तीचीही तीच तऱ्हा. माणशी रोज 55 लिटर पाणी मिळायला हवं, असं जलजीवन मिशन सांगतं. अण्णा हंडा घेऊन वस्तीवर मोजायला बसले आणि दुपारपर्यंत बसूनच राहिले. मोजायला काही आलंच नाही. पुढच्या सभेत उभे राहिले. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के हिस्सा तेव्हा बंधित असायचा. तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावा लागायचा. तर त्यातून वस्तीपर्यंत पाइपलाइन टाका, असं म्हणाले. भाऊसाहेबांनी पेन उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अण्णांनाच विचारलं, "अनुमोदक कोण?" सगळे पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता. शेवटी उठला तो अण्णांचा बांधाचा भाऊबंद. वीस वर्षं दोघांचं बोलणं नाही. म्हणाला, "लिवा माझं नाव. न्हायतर हे घरी जाऊ द्यायचं न्हाईत."

वस्तीवर आता पाणी येतं. दिवसाआड येतं, पण येतं. अण्णांचं आणि भाऊबंदाचं बोलणं अजूनही नाही.

यंदा पावसाळ्यात अण्णा तालुक्याला दवाखान्यात होते. त्यांच्या माघारी ग्रामसभा झाली. वीस मिनिटांत सगळे विषय उरकले. आवाज चढला नाही, कुणी कोरम मोजला नाही. आयत्या वेळच्या विषयांत ग्रामनिधीतून गावाला स्वागत कमान बांधायचं ठरलं. लोक घरी लवकर पोचले आणि सभा कशी असावी याचा हा नमुना, असं म्हणाले. बोलताना जरा अवघडल्यासारखे वाटले, एवढंच.

घरी आल्यावर अण्णांनी काठी टेकत जाऊन प्रोसिडिंग बुक मागितलं. कमानीचा ठराव वाचला. सूचक : सरपंच. अनुमोदक म्हणून स्वतः अण्णांचंच नाव लिहिलेलं होतं. ठराव सर्वानुमते मंजूर.

भाऊसाहेब या वेळी मागच्या दारानं गेले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "अण्णा, मुद्दाम नाही हो. लिहिताना तुमचं नाव आपसूक आलं. तुमच्याशिवाय पान भरल्यासारखं वाटंना."

अण्णांचे डोळे पाणावले, असं शेजारी बसलेला शिपाई सांगतो. मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं आणि माहितीच्या अधिकारात त्या सभेच्या हजेरीपटाची नक्कल मागितली. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. कमानीचं काम तूर्त बंद आहे.